परदेशातल्या भूगोल शिक्षकांसोबत काम करायचं आहे? मुंबईतल्या सहकाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई आणि आसपासच्या कॉलेजांत भूगोल शिकवणारे चार जण एकत्र आले, मग तो उजळणी वर्ग असो की अभ्यास मंडळाची बैठक, की हे प्रश्न निघतातच. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत आणि ती एका बाजूला झुकलेली आहेत. माझ्या मते आंतरराष्ट्रीय सहकार्य दोन विद्यापीठांमध्ये होत नाही, दोन शिक्षकांमध्ये होतं, आणि तेही एखाद्या प्रात्यक्षिकापासून सुरू होतं. हे ज्यांना पटत नाही त्यांनाही नियम, व्हिसा आणि नकाशांबद्दलचा भाग उपयोगी पडेल.

आमच्या विभागात दोनच पूर्णवेळ शिक्षक, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. परदेशातल्या विद्यापीठाला आमच्यात काय रस असणार?

तुमच्या विभागाच्या आकारात कुणालाच रस नसतो. रस असतो तुम्ही जिथे शिकवता त्या जागेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही ठिकाणांत वीसबावीस किलोमीटरचं अंतर. पावसाचं वितरण शिकवायला याहून बोलकं उदाहरण जगात कुठे शोधणार? मिठी नदीचं पाणी, खाडीतली भरती, भराव टाकून केलेली जमीन, कांदळवन, लोकल रेल्वेच्या रुळांलगत वाढलेली उपनगरं हे सगळं एकाच शहरात आहे आणि तुमची मुलं त्यातून रोज ये-जा करतात. वर्गात एक विद्यार्थी वर्सोवा कोळीवाड्यातला, एक नालासोपाऱ्याचा, एक टिटवाळ्याहून येणारा असतो. युरोपातल्या शिक्षकाला हा वर्ग पैसे देऊनही मिळणार नाही.

मुंबईच्या नोंदी जगाच्या कामी येण्याचा इतिहासही जुना आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर जे मोठं चुंबकीय वादळ आलं, त्याची तीव्रता ठरवताना २००३ मध्ये संशोधकांनी आधार घेतला तो कुलाब्याच्या वेधशाळेत त्या वेळी घेतलेल्या नोंदींचा. पुढे विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांचा व्यत्यय नको म्हणून हे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. सहकार्य म्हणजे काहीतरी आत्ताचं, नॅकने, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने, आणलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून याव्यात. १८३१ मध्ये स्थापन झालेली मुंबईची भूगोल संस्था १८७३ मध्ये तिथल्याच एशियाटिक सोसायटीत विलीन झाली. ती संस्था साहेबांची होती आणि माहिती इथून तिकडे, एकाच दिशेने जायची. ते आता तसं राहू नये, हे आपल्याला बघायचं आहे.

सुरुवात कुणापासून करू? ओळखीचं कुणीच नाही.

ओळख लागत नाही. तीन दारं ठोठावण्यासारखी आहेत.

पहिलं, आयएनएलटी. उच्च शिक्षणात भूगोल शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचं हे आंतरराष्ट्रीय जाळं १९९९ मध्ये होनोलुलूला सुरू झालं. त्याची पद्धत मला आवडते: वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांचे छोटे गट करायचे, प्रत्येक गटाने अध्यापनाचा एकच प्रश्न घ्यायचा आणि त्यावर मिळून लिहायचं. पहिल्या बैठकीतलं असं लेखन ‘जर्नल ऑफ जिऑग्रफी इन हायर एज्युकेशन’मध्ये छापून आलं. हे नियतकालिक १९७७ पासून निघतं आणि त्याचा विषयच कॉलेजात भूगोल कसा शिकवायचा हा आहे. त्याचे जुने अंक चाळा. तुमच्यासारखंच प्रात्यक्षिक घेणारा कुणीतरी सापडेल, आणि लेखाखाली त्याचा पत्ता असतोच.

दुसरं, आंतरराष्ट्रीय भूगोल संघटना, म्हणजे आयजीयू. तिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

तिसऱ्या दाराचा लोकांना विसर पडतो: आपलेच माजी विद्यार्थी. मुंबईतून एमए करून बाहेर पीएचडीला गेलेली, आता तिकडे ट्यूटोरियल घेणारी मुलं प्रत्येक विभागाची असतात. त्यांना तुमची परीक्षापद्धतही माहीत असते आणि तिकडचीही.

पहिल्या पत्रात काय लिहायचं?

कमी. तुम्ही कोणत्या वर्षाला काय शिकवता, वर्गात किती मुलं आहेत, कोणत्या भाषेत लिहितात, कोणत्या महिन्यात कोणतं प्रात्यक्षिक घेता आणि त्यातलं नेमकं काय दोघांनी मिळून करता येईल. एवढं दहा ओळींत बसतं. कॉलेजचा इतिहास, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आणि ‘आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठाशी’ वगैरे वाक्यं काढून टाका. समोरच्याने स्वतःच्या कामावर लिहिलेला एखादा लेख तुम्ही खरोखर वाचला असेल तर त्यातली एक शंका विचारा. शंका विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, स्तुती करणाऱ्याला आभाराचं पत्र मिळतं.

आधी सामंजस्य करार करून घ्यावा, असं प्राचार्य म्हणतात.

प्राचार्यांची अडचण खरी आहे. नॅकच्या फायलीत करारांची संख्या लागते. पण सह्या झाल्या, गुच्छ दिले, फोटो निघाला आणि पाच वर्षं त्या कागदाखाली एकही तास झाला नाही, असे करार कोणत्याही कॉलेजच्या कपाटात सापडतील. आधी एक सत्र काम करा. मग त्या कामाचा अहवाल जोडून करार करा. तेव्हा कलमंही नेमकी लिहिता येतात, कारण काय लागतं ते कळलेलं असतं.

याला अपवाद आहेत. युरोपच्या इरॅस्मस प्लस योजनेत शिक्षकाला तिकडे जाऊन शिकवायचं असेल तर दोन संस्थांमध्ये आधी करार असावाच लागतो, आणि शिकवणं आठवड्याला किमान ८ तासांचं असावं लागतं. क्रेडिटची देवाणघेवाण असेल तर अर्थातच कागद आधी.

ठीक आहे, पण वर्गात नेमकं करायचं काय? उदाहरण द्या.

माझं आवडतं उदाहरण मुंबई आणि लंडनचं. दोन्ही शहरं भरतीच्या पाण्यावर वसलेली. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षाही जास्त. पाऊस मात्र अगदी उलट: २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात पडला तो लंडनच्या वर्षभराच्या सरासरीच्या सुमारे दीडपट.

आता दोन्ही वर्गांना एकच प्रश्न द्यायचा: मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी जाणार कुठे? लंडनची मुलं टेम्स बॅरियर अभ्यासतात. हा बंधारा समुद्राचं उधाण अडवण्यासाठी बांधला, १९८४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण तो आणखी एका कारणासाठी बंद करतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं. नदीला पूर असेल तेव्हा ओहोटीलाच दरवाजे लावून घ्यायचे, म्हणजे आतली जागा रिकामी राहते आणि वरून येणारं पुराचं पाणी तिथे मावतं. मुंबईच्या मुलांकडे पावसाचं पाणी उपसून बाहेर टाकणारी उदंचन केंद्रं आहेत: हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध. जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती ५० वर न्यायचं ठरलं. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती यादी घ्यायची, त्या दिवसांतला तासागणिक पाऊस बसवायचा, आणि माहीमच्या खाडीच्या तोंडाशी लंडनसारखा दरवाजा बसवला तर काय होईल यावर दोन्हीकडच्या मुलांनी मिळून दोन पानं लिहायची. लंडनची मुलं उत्साहाने ‘बसवा’ म्हणतात. मग आपल्यातलं कुणीतरी विचारतं की मिठीच्या वरच्या अंगाला आत साठलेलं पाणी धरायला जागा कुठे उरली आहे, आणि कांदळवनाचं काय. खरा तास तिथे सुरू होतो.

एवढी तयारी नको असेल तर सावली मोजा. एक मीटरची काठी, एक ओळंबा. विषुवदिनी मध्यान्हाला मुंबईत या काठीची सावली सुमारे ३४ सेंटिमीटर पडते, ताश्कंदला ८८. दोन कोन काढा, वजाबाकी साधारण २२ अंशांची येते. दोन्ही अक्षवृत्तांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २,४८० किलोमीटर. त्रैराशिक मांडलं की पृथ्वीचा परीघ ४०,००० च्या आसपास येतो. यात मुंबईच्या मुलांना एक धक्का बसतो: मध्यान्ह बारा वाजता नसते! आपण ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ वापरतो आणि राहतो ७२.८ वर, म्हणून सरासरी ३९ मिनिटांचा फरक. २० मार्चला तर सावली सर्वांत लहान होईपर्यंत पाऊण वाजतो. हाच ३९ मिनिटांचा हट्ट धरून हे शहर १९५५ पर्यंत स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ पाळत होतं, हेही सांगा. मुलं घरी जाऊन आजोबांना विचारतात.

शून्य सावलीच्या दिवसाचा मोह मात्र टाळा. मुंबईत तो मेच्या मध्याला येतो तेव्हा कॉलेजला सुट्टी, आणि जुलैच्या शेवटी येतो तेव्हा आकाश भरलेलं.

वेळ कशी जुळवायची? आमचं कॉलेज सकाळचं आहे.

मग तुम्ही नशीबवान आहात, फक्त चुकीच्या दिशेला बघताय. सगळ्यांचे डोळे लंडन-न्यूयॉर्ककडे असतात. लंडनला दुपारचा एक वाजतो तेव्हा इकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेपाच. त्या वेळी तुमची निम्मी मुलं विरार फास्टमध्ये एका पायावर उभी असतात किंवा पार्टटाइम कामावर असतात. कॅमेरा चालू ठेवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

पूर्वेकडे बघा. मुंबईत सकाळी साडेसातचं लेक्चर असतं तेव्हा सिंगापूरला दहा वाजलेले असतात, टोकियोला अकरा, मेलबर्नला बारा किंवा एक, ऑकलंडला दोन किंवा तीन. सगळे वर्गात, सगळे जागे. होनोलुलूला तर आदल्या दिवशीचे दुपारचे चार. आंतरराष्ट्रीय वाररेषा समजावायला याहून चांगला क्षण नाही, सहकार्याचा तो मोफत फायदा समजा.

युरोप-अमेरिकेसोबतच काम असेल तर मार्च सांभाळा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, आपण कधीच नाही. मधले दोन-तीन आठवडे भूगोलाचे प्राध्यापकही एकमेकांची वाट बघत बसतात.

आणि शैक्षणिक वर्ष?

आपलं जूनला सुरू होतं, युरोप-अमेरिकेचं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी-मार्चला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसाठी ऑगस्ट-सप्टेंबर बरा, अमेरिकेसाठी सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, युरोपसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी. चार आठवड्यांहून मोठा उपक्रम आखू नका. गणपती, दिवाळी आणि अंतर्गत परीक्षांच्या तारखा पहिल्याच पत्रात कळवा. त्यांच्या ‘रीडिंग वीक’बद्दलही (सत्राच्या मधला तास नसलेला आठवडा) विचारून घ्या, नाहीतर नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही नव्वद मुलं घेऊन बसाल.

माझी मुलं मराठी माध्यमाची. इंग्रजीत बोलताना गप्प होतात.

सगळ्यांना सगळं बोलायला लावूच नका. नकाशा, आलेख, फोटो आणि मोजमापाचा तक्ता यांना भाषा लागत नाही, म्हणून पहिली देवाणघेवाण त्यांचीच ठेवा. मुलांनी आपसात मराठीत चर्चा करावी, लेखन मराठीत करावं, आणि गटातल्या एका-दोघांनी त्याचा इंग्रजी गोषवारा द्यावा. समोर जपान, इंडोनेशिया किंवा उझबेकिस्तानचा वर्ग असेल तर दोन्हीकडची मुलं सारखीच अडखळतात आणि भीड चेपते. लंडनच्या मुलांपुढे आपल्या मुलांची जी गत होते, ती तिथे होत नाही. भागीदार निवडताना मी हा मुद्दा विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या वर ठेवतो.

‘चिखलठाण’, ‘शिलोत्री’, ‘खाजण’ असे शब्द मुलांच्या तोंडी आले तर ते तसेच राहू द्या, खाली एका ओळीत अर्थ द्या.

नकाशे आणि डेटा परदेशात पाठवले तर कायद्याची अडचण येते का?

हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्यावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

१५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने भू-स्थानिक माहितीबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानंतर बऱ्याच जुन्या परवानग्या गेल्या. लक्षात ठेवायची मर्यादा अशी: आडव्या दिशेने १ मीटर आणि उभ्या दिशेने ३ मीटर. याहून सूक्ष्म अचूकतेची माहिती तयार करणं आणि बाळगणं हे फक्त भारतीय संस्थांना, आणि ती साठवायची भारतातच. आपल्या प्रात्यक्षिकांत वापरतो ती सेंटिनेल-२ या उपग्रहाची प्रतिमा १० मीटरची, लँडसॅटची ३० मीटरची. मर्यादेपासून दोन्ही कोसभर लांब, शिवाय मुळातच सगळ्या जगाला फुकट उपलब्ध. तिथे घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमच्या विभागाने अचूक उपकरणाने किनाऱ्याचे छेद घेतले असतील, तर ती फाइल परदेशी सहकाऱ्याच्या ड्राइव्हवर टाकण्याआधी थांबा.

दुसरी गोष्ट सीमारेषेची. परदेशी सहकारी बहुधा ‘नॅचरल अर्थ’चा पायाभूत नकाशा वापरतात. त्यात काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी भारताची सीमा प्रसिद्ध करणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. म्हणून संयुक्त पोस्टर छापण्याआधी, भारताचा आराखडा सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घेऊन बदला. समोरच्याला कारण सांगितलं की तो समजून घेतो, राजकीय भूगोलाचा असेल तर खूशच होतो.

ड्रोनचं बोलायचं तर, मुंबईत विमानतळ, नौदल आणि इतर संवेदनशील जागांमुळे परवानगीशिवाय तो पिशवीतून काढूसुद्धा नये.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

नकाशांच्या कामासाठी क्यूजीआयएस. फुकट आहे, जुन्या संगणकावर चालतं आणि समोरच्याकडेही असतं. पावसाळ्यातल्या प्रतिमा हव्या असतील तर सेंटिनेल-१ ची रडार प्रतिमा घ्या. जून ते सप्टेंबर मुंबईच्या साध्या उपग्रह प्रतिमेत ढगाशिवाय काही दिसत नाही.

आयजीयूचं सदस्यत्व कसं घ्यायचं?

व्यक्तीला घेता येत नाही. १९२२ मध्ये ब्रुसेल्सला स्थापन झालेल्या या संघटनेचे सदस्य देश असतात, भारताचा संबंध भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीमार्फत आहे. तुमच्या-माझ्या कामाचे आहेत ते तिचे आयोग: किनारपट्टी, नागरी भूगोल, हवामान, भूगोल शिक्षण असे अनेक. आयोगाच्या कामात सहभागी व्हायला देशाच्या शिफारशीची गरज नसते, अध्यक्षांना पत्र लिहून आपलं काम सांगितलं की पुरे. भूगोल शिक्षण आयोगाने १९९२ मध्ये भूगोल शिक्षणाची आंतरराष्ट्रीय सनद काढली, २०१६ मध्ये ती नव्याने लिहिली. अभ्यास मंडळावर असाल तर वाचून ठेवा, अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत हवा भरण्यापेक्षा बरी.

मोठं अधिवेशन चार वर्षांनी भरतं. २०२४ चं डब्लिनला झालं. आशियातलं पहिलं १९६८ मध्ये दिल्लीत भरलं, आणि तोवर संघटनेचं अध्यक्षपद शि. प्र. चटर्जी या भारतीय भूगोलतज्ज्ञांकडे होतं. म्हणजे आपण तिथे पाहुणे नाही.

परदेशी जाण्यासाठी पैसे कुठून मिळतात?

माझं पहिलं उत्तर: जाण्याची घाई करू नका, वर्ग जोडायला तिकीट लागत नाही. तरीही जायचंच असेल तर अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्त्या आहेत. त्या देणाऱ्या संस्थेचं प्रादेशिक कार्यालय मुंबईतच आहे, तिथे माहिती-सत्रं होतात, प्रश्न विचारता येतात. जर्मनीसाठी डाड ही तिथली शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था, कॅनडासाठी शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट, युरोपसाठी वर सांगितलेली इरॅस्मस प्लस. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचं पश्चिम विभागीय केंद्र कलिनाच्या विद्यानगरीतच आहे, भूगोल विभागापासून चालत जाता येतं. आणि तरी कितीजण तिकडे फिरकतात?

उलट बाजूने, परदेशी प्राध्यापकाला इथे आणायचं असेल तर २०१५ ची ‘ग्यान’ आणि संयुक्त संशोधनासाठी २०१८ ची ‘स्पार्क’ या केंद्राच्या योजना आहेत. ‘स्पार्क’ची दारं लहान कॉलेजांना सहसा बंद असतात, कारण अट नॅकच्या गुणांची किंवा राष्ट्रीय क्रमवारीची आहे. अशा वेळी विद्यापीठाच्या विभागासोबत जोडून घेणं शहाणपणाचं.

ना हरकत प्रमाणपत्र जाण्याच्या बऱ्याच आधी मागा. आणि सरकारी कॉलेजात असाल तर यजमान राहण्या-जेवणाचा खर्च करणार आहेत हे तोंडी सांगून भागत नाही. परदेशी पाहुणचारासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली आधी परवानगी लागते.

परदेशी पाहुणे येणार आहेत. काय काय बघावं लागतं?

व्हिसा सर्वांत आधी. आंतरराष्ट्रीय परिषदेला येणाऱ्याला कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्यासाठी आयोजकांना मंत्रालयाच्या मंजुऱ्या काढाव्या लागतात, त्याला महिने जातात. ‘ग्यान’खालच्या व्याख्यानांना ई-बिझनेस व्हिसा चालतो. ‘टुरिस्टवर या, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे भेटतील, अडकतो मात्र पाहुणा. गेस्ट हाउसमध्ये किंवा कुणाच्या घरी उतरवलं तर २४ तासांच्या आत त्यांच्या मुक्कामाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेल तो स्वतःहून भरतं, आपण विसरतो. मानधन द्यायचं असेल तर करकपातीबद्दल लेखा विभागाशी आधी बोला.

दाखवायचं काय? अंधेरीची गिल्बर्ट हिल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे बेसाल्टचे उभे स्तंभ आणि त्यांना चारी बाजूंनी खेटलेल्या इमारती, शहराच्या भूगोलाचं दुसरं पुस्तक लागत नाही. शिवडीचा चिखलाटी किनारा. ठाणे खाडी, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असलेली. कान्हेरीची पाण्याची टाकी. भरतीच्या दिवशी दादरचा किनारा.

ते सगळे धारावी बघायचीय म्हणतात.

म्हणू द्या. मग विचारा, काय बघायचंय? कुंभारवाड्यातली भट्टी आणि चामड्याच्या कारखान्यांतली कामाची साखळी समजून घ्यायची असेल तर तिथल्याच कुणाला, शक्यतो आपल्या विद्यार्थ्याला, मार्गदर्शक करा, त्याला त्याचे पैसे द्या आणि फोटो विचारून काढा. नुसती गरिबी बघायची असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तीस जणांचा घोळका कुणाच्या दारासमोरून नेणं हे फील्डवर्क नव्हे.

‘आंतरराष्ट्रीय परिषद, सहभाग शुल्क अमुक, प्रमाणपत्र लगेच’ असे निरोप रोज येतात. जावं का?

नाही. कार्यक्रमपत्रिकेत भूगोलासोबत वाणिज्य, योग, ग्रंथालयशास्त्र आणि नॅनो तंत्रज्ञान असेल, तर ती परिषद कशाचीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिकांच्या बाबतीतही चांगलं-वाईट ठरवायचं काम कॉलेजांवर आणि आपल्यावरच आलं आहे. संपादक मंडळातल्या एखाद्या परदेशी प्राध्यापकाला थेट विचारा की तुमचं नाव इथे आहे हे तुम्हाला माहीत आहे का. उत्तरं मजेशीर येतात.

या सगळ्याचे पदोन्नतीत गुण मिळतात का?

थोडे. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत नावीन्यपूर्ण अध्यापन पद्धती विकसित करण्याला ५ गुण आहेत, नव्या अभ्यासक्रमाच्या रचनेला २. निमंत्रित व्याख्यान किंवा निबंधवाचन परदेशात केलं तर ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५. संयुक्त शोधनिबंधात लेखक दोनच असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०. वर्गातल्या उपक्रमाचा अहवाल, मुलांचं लेखन आणि समोरच्या शिक्षकाचं पत्र जपून ठेवा. सावली मोजण्यात घालवलेल्या आठवड्याला मात्र वेगळा रकाना नाही.

डेटा आम्ही गोळा करतो आणि शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं. काय करावं?

पहिल्या बैठकीतच बोला, शेवटच्या नव्हे. मोजमापं कुणाची, मसुदा कोण लिहिणार, पत्रव्यवहाराचा लेखक कोण, मुलांची नावं कुठे येणार, हे ईमेलवर लिहून घ्या. मराठी माणसाला हे बोलणं संकोचाचं वाटतं. समोरच्याला वाटत नाही, त्यांच्याकडे ही रोजची बाब आहे. ‘तुम्ही फक्त प्रश्नावली भरून पाठवा, विश्लेषण आम्ही करू’ असा प्रस्ताव आला तर तो सर्वेक्षणाच्या कंत्राटाचा प्रस्ताव आहे. तसं म्हणून दर सांगा, किंवा विश्लेषणात आपली दोन मुलं घ्यायला लावा.

संयुक्त पदवी सुरू करता येईल का?

यूजीसीच्या मे २०२२ च्या नियमांत ट्विनिंग (काही अभ्यास इथे, काही परदेशी संस्थेत), संयुक्त आणि दुहेरी पदवीची सोय आहे. भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा लागते, परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. संलग्न कॉलेजातल्या भूगोल विभागाने यामागे लागू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटमध्ये तुमचा चार आठवड्यांचा उपक्रम बसवा, त्याला विभागप्रमुखांची सही पुरते.

दोन सत्रं छान चाललं, आता समोरून उत्तरच येत नाही.

त्यांच्याकडे परीक्षा असतील, पगारी रजा असेल, किंवा कंत्राट संपलं असेल. तिकडेही सीएचबीसारखे लोक आहेत, फक्त नाव वेगळं. महिनाभराने एक छोटं पत्र पाठवा, त्यात मागच्या सत्रातल्या मुलांच्या कामाचा एखादा नकाशा जोडा. तरीही शांतता असेल तर त्याच विभागातल्या दुसऱ्या शिक्षकाला लिहा. आणि तुमच्या बाजूलाही एकच माणूस सगळं ओढत असेल तर आत्ताच एखाद्या सीएचबी सहकाऱ्याला पत्रव्यवहारात सामील करून घ्या. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक कुणाच्या हातात असेल ते सांगता येत नाही.